आरोग्यविचार : सोसू नये असे एक दुखणे

सोशिकपणा हा मराठी घराण्यांत फार जुन्या काळापासून मान पावलेला गुण आहे. कोकणपट्टीतून जहाजात बसून मॉरिशसच्या किनाऱ्यास लागलेल्या गिरमिटियांच्या अंगी तर तो गुण परिस्थितीनेच बाणवला. उसाच्या मळ्यात एक दिवस गैरहजेरी पडली तर दोन दिवसांची मजुरी कापून घेण्याची पद्धत या बेटावर अनेक वर्षे चालू होती. अशा दिवसांत अंग दुखते आहे असे बोलून दाखवणे म्हणजे घरच्या चुलीवरचे पातेले उतरवणेच होते. तेव्हा कंबर मोडली तरी कोयता खाली ठेवायचा नाही, ताप भरला तरी 'काही नाही, बरे आहे' असेच म्हणायचे, ही रीत पिढ्यान् पिढ्या घराघरांत मुरली. कोयता गेला, कोठ्या गेल्या, नातवंडे शिकून मोठ्या हुद्द्यांवर चढली. परंतु 'काही नाही, बरे आहे' हे वाक्य मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून तसेच आहे.

या गुणाचा अनादर करण्याचे कारण नाही. त्याच्याच बळावर हा समाज उभा राहिला. तथापि मनुष्यदेहाची काही दुखणी अशी आहेत की, त्यांच्यापुढे सोशिकपणा हा गुण न राहता घातक ठरतो. त्यांतील सर्वांत भयंकर अशा एका दुखण्याचा विचार या वेळी करावयाचा आहे. ते दुखणे म्हणजे महारोहिणीला पडणारी चीर.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त ज्या नळीवाटे सर्व शरीराकडे निघते ती नळी म्हणजे महारोहिणी. जाडीने ती अंगठ्याएवढी, किंबहुना त्याहून थोडी अधिकच असते. हृदयातून ती प्रथम वर चढते, मग छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून छातीतून पोटात उतरते. वळणाच्या जागी मेंदूकडे व हातांकडे जाणाऱ्या शाखा तिला फुटतात. खाली उतरताना ती आतडी, मूत्रपिंडे आणि पाय यांना रक्त पुरवते. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते आणि प्रत्येक ठोक्याचा पहिला तडाखा या नळीच्या भिंतीवर बसतो.

ही भिंत तीन थरांची असते. आत गुळगुळीत, पातळ अस्तर. मध्ये ताणले जाऊन पुन्हा पूर्ववत होणारा जाड, लवचिक थर. आणि बाहेर चिवट वेष्टन. वर्षानुवर्षांच्या वाढत्या रक्तदाबाने म्हणा किंवा जन्मतःच्या दोषाने म्हणा, मधला थर दुबळा झाला म्हणजे एखाद्या क्षणी आतले अस्तर चिरते. जुन्या रजईचे आतले कापड उसवले की हात जसा कापड आणि कापूस यांच्यामध्ये सरकत जातो, तसे जोराने येणारे रक्त त्या चिरेतून दोन थरांच्या मध्ये घुसते आणि प्रत्येक ठोक्यागणिक त्यांना एकमेकांपासून सोलीत पुढे जाते. एका नळीच्या दोन नळ्या होतात, एक खरी व एक खोटी. खोट्या नळीच्या दाबाखाली ज्या शाखेचे तोंड मिटेल त्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटतो. मेंदूची शाखा मिटली तर पक्षाघात, पायाची मिटली तर पाय थंड व निर्जीव, मूत्रपिंडाची मिटली तर लघवी बंद. आणि बाहेरचे वेष्टनही फुटले, तर सारा खेळ काही मिनिटांत आटोपतो.

या रोगाची नोंद एका राजाच्या मृत्यूने झाली. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० रोजी सकाळी नेहमीप्रमाणे उठला, त्याने चॉकलेटचा पेला घेतला आणि थोड्याच वेळात तो शौचकुपीत कोसळून मरण पावला. राजवैद्य फ्रँक निकोल्स याने शवाची तपासणी केली, तेव्हा हृदयाभोवतीची पिशवी गोठलेल्या रक्ताने भरलेली आढळली आणि महारोहिणीच्या आतल्या बाजूस आडवी चीर दिसली. रोगाचे वर्णन झाले, त्याला नाव मिळाले. उपाय मात्र पुढे जवळजवळ दोनशे वर्षे सापडला नाही.

तो उपाय ज्यांच्या हातून प्रथम सिद्धीस गेला, ते अमेरिकेतील ह्यूस्टनचे शल्यचिकित्सक डॉ. मायकेल डिबेकी. लेबनॉन देशातून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या दांपत्याच्या पोटी १९०८ साली त्यांचा जन्म झाला. आईने लहानपणीच त्यांना शिवणकाम शिकवले होते आणि तीच विद्या पुढे कामी आली. फाटलेल्या रोहिणीच्या जागी बसवण्यासाठी कृत्रिम नळी हवी होती. डिबेकी एका दुकानात नायलॉनचे कापड आणावयास गेले. ते संपले होते, म्हणून दुकानदाराने डेक्रॉन नावाचे नवे कापड पुढे केले. ते घेऊन त्यांनी घरच्या शिवणयंत्रावर स्वतः नळ्या शिवल्या. डेक्रॉन शरीराला मानवले. १९५४ साली त्यांनी छातीतील चिरलेल्या महारोहिणीवर यशस्वी शल्यक्रिया केली आणि जो रोग केवळ शवागारात ओळखला जात असे तो शल्यगृहात बरा होऊ लागला. चीर कोठे पडली आहे यावरून रोगाचे तीन प्रकार ठरवण्याची जी रीत आहे, तिलाही त्यांचेच नाव मिळाले.

आणि नियतीचा खेळ असा की, हाच रोग त्यांच्यावर उलटला. ३१ डिसेंबर २००५ रोजी सायंकाळच्या सुमारास सत्त्याण्णव वर्षांचे डिबेकी घरी आपल्या अभ्यासिकेत एकटेच एका व्याख्यानाची तयारी करीत होते. एकाएकी छातीच्या वरच्या भागात आणि दोन खांद्यांच्या मध्ये पाठीत विलक्षण तीव्र कळ आली व ती मानेकडे सरकली. आता हृदय थांबणार अशीच त्यांची प्रथम समजूत झाली. हृदय थांबेना, तेव्हा हा हृदयविकाराचा झटका नसून महारोहिणीला चीर पडली असावी, असे निदान त्यांनी स्वतःच मनाशी केले. ज्यांनी या विकाराचे असंख्य रुग्ण तपासले, त्यांच्याइतके अचूक निदान दुसरे कोण करणार?

पण निदान झाल्यावर त्यांनी काय केले? रुग्णवाहिका बोलावली नाही, की आपल्या वैद्यालाही दूरध्वनी केला नाही. पत्नी व कन्या घरी आल्या तेव्हा त्यांना काळजी नको म्हणून स्नायू दुखावल्याची सबब सांगितली. पुढे यंत्राद्वारे तपासणी होऊन संशय खरा ठरला, तरी ते रुग्णालयात राहण्यास तयार होईनात. चाकांच्या खुर्चीत बसून एक व्याख्यानही त्यांनी देऊन टाकले. इकडे महारोहिणी फुगतच चालली होती. ३ जानेवारी २००६ रोजी ५.२ सेंटिमीटर असलेला फुगवटा ९ फेब्रुवारीस ७.५ सेंटिमीटरवर गेला. डिबेकी तोवर भान हरपून बसले होते. शल्यक्रिया नको, अशी त्यांची नोंद कागदपत्रांत होती. एवढ्या वयाच्या माणसावर ती करावी की नाही याविषयी वैद्यांतही तीव्र मतभेद झाले. रात्री उशिरापर्यंत रुग्णालयाच्या समितीत खल चालला. अखेर पत्नीने बैठकीत शिरून आग्रह धरला आणि त्याच रात्री त्यांचे सहकारी डॉ. जॉर्ज नून यांनी शस्त्र हाती घेतले. सात तासांच्या शल्यक्रियेत महारोहिणीचा खराब भाग काढून तेथे डेक्रॉनची नळी बसवण्यात आली. पुढे कित्येक महिने कृत्रिम श्वास, मूत्रपिंडांची निष्क्रियता, जंतुबाधा अशा दिव्यांतून जाऊन ते घरी परतले, पुन्हा कामालाही लागले, आणि शल्यक्रिया झाली याबद्दल त्यांनी समाधानच व्यक्त केले. ११ जुलै २००८ रोजी, शंभरी गाठण्यास दोन महिने उरले असता, त्यांचा अंत झाला.

या कथेत धडा आहे तो डिबेकींच्या धैर्याचा नव्हे. ज्याला सर्व काही ठाऊक होते, तोसुद्धा कळ आल्यावर 'काही नाही' असेच म्हणाला. मग ज्याला काहीच ठाऊक नाही तो काय म्हणेल? डिबेकी वाचले ते अपवाद म्हणून. हृदयातून वर चढणाऱ्या भागाला चीर पडली आणि उपचार झाला नाही, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शेकडा एक ते दोन रुग्ण दगावतात, असा जुना हिशेब आहे. अलीकडच्या नोंदींत हे प्रमाण काहीसे कमी दिसते. परंतु घड्याळाचा प्रत्येक तास रुग्णाच्या विरुद्ध धावतो, हे त्यातील सत्य बदललेले नाही.

तेव्हा हे दुखणे ओळखावे कसे? त्याची पहिली खूण कळेच्या स्वरूपात आहे. इतर दुखणी बहुधा हळूहळू चढतात. ही कळ पहिल्याच क्षणी शिगेला पोचते. काय करीत असताना ती आली, हे रुग्ण नेमके सांगू शकतो: बादली उचलताना, जिना चढताना, किंवा स्वस्थ बसलो असताना. ती छातीत, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये, किंवा पोटात असते. आत काहीतरी फाटले, सुरी फिरली, असे शब्द रुग्णाच्या तोंडून निघतात. कधी कळ छातीतून पाठीकडे आणि पाठीतून कमरेकडे सरकत जाते. तिच्या जोडीला घेरी, घाम, धाप, वाचा अडखळणे, एका हाताची किंवा पायाची शक्ती जाणे, एक पाय थंड पडणे, यांपैकी काही असेल तर संशय बळावतो. एका हाताची नाडी क्षीण लागणे आणि दोन हातांच्या रक्तदाबात मोठी तफावत असणे, या वैद्याने पाहावयाच्या खुणा होत. काही थोड्या रुग्णांना, विशेषतः वृद्धांना, कळ मुळीच येत नाही. माणूस एकाएकी मूर्च्छा येऊन पडतो, एवढेच दिसते. कळ काही वेळाने ओसरली म्हणून धोका टळला असेही समजू नये.

हा रोग फसवा आहे. त्याची गल्लत हृदयविकाराशी होते, जठराच्या दाहाशी होते, मूतखड्याशी होते, पाठीच्या साध्या लचकीशीही होते. न्यूयॉर्क येथील संगीत-नाटककार जोनाथन लार्सन यांची कथा या बाबतीत हृदयद्रावक आहे. वय अवघे पस्तीस. जानेवारी १९९६ मध्ये छातीतील कळीमुळे त्यांनी दोन निरनिराळ्या रुग्णालयांत धाव घेतली. एके ठिकाणी अन्नाची विषबाधा ठरली, दुसऱ्या ठिकाणी साधा ज्वर. दोन्हीकडून ते घरी पाठवले गेले. 'रेंट' या त्यांच्या संगीतिकेचा पहिला प्रयोग ज्या दिवशी व्हावयाचा होता त्याच दिवशी, २५ जानेवारीस पहाटे, ते घरात मृतावस्थेत आढळले. महारोहिणी फाटली होती. हृदयाचा विद्युत्-आलेख या रोगात पुष्कळदा निर्दोष येतो आणि छातीचे साधे क्ष-किरण चित्रही कधी कधी काहीच सांगत नाही. रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून काढलेला सीटी स्कॅन, किंवा घशातून नळी उतरवून केलेली हृदयाची ध्वनिलहरी-तपासणी, यांनीच बहुधा खात्री पटते.

म्हणून रुग्णाच्या सोबत जाणाऱ्याने वैद्याला तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. कळ एकाएकी आली आणि पहिल्याच क्षणी सर्वांत तीव्र होती, ही पहिली. ती कोठे आली व कोठे सरकली, ही दुसरी. रुग्णाला रक्तदाब आहे काय, आणि घराण्यात कोणी असे अकस्मात गेले आहे काय, ही तिसरी. 'महारोहिणीला चीर तर नसेल ना?' असा प्रश्न नम्रपणे विचारण्यात वैद्याचा अवमान मुळीच नाही. उलट, अशा एका प्रश्नाने निदानाची दिशा बदलू शकते.

घरी काय करावे, याचे उत्तर थोडक्यात आहे. वेळ घालवू नये. पाठ चोळणे, शेक देणे, ओवा-हिंग पाजणे, सकाळपर्यंत वाट पाहणे, यांतील काहीही करू नये. मॉरिशसमध्ये ११४ क्रमांक फिरवून सामूची रुग्णवाहिका बोलावावी. रुग्णाने स्वतः मोटार चालवू नये, चालू नये, जिना उतरू नये. वैद्याने सांगितल्यावाचून कोणतीही गोळी देऊ नये. कारण हृदयविकाराच्या झटक्यात जी औषधे रक्ताची गुठळी विरघळवून प्राण वाचवतात, तीच येथे रक्तस्राव वाढवून प्राण घेऊ शकतात. शल्यक्रियेची वेळ येऊ शकते, म्हणून अन्न व पेयही देऊ नये. नेहमीच्या औषधांचा कागद तेवढा बरोबर घ्यावा.

रुग्णालयात पोचल्यावर पहिला उपचार म्हणजे वेदनाशमन आणि रक्ताचा तडाखा कमी करणे. शिरेवाटे औषधे देऊन नाडीचे ठोके मिनिटाला साठच्या आत आणि रक्तदाबाचा वरचा आकडा शंभर ते एकशेवीस यांच्या दरम्यान आणतात. भिंत सोलली जाण्याचा वेग त्यामुळे मंदावतो. पुढचा मार्ग चिरेच्या जागेवर अवलंबून असतो. हृदयातून वर चढणाऱ्या भागात चीर असेल, तर तातडीची शल्यक्रिया हाच उपाय. छाती उघडून, हृदय व फुप्फुसे यांचे काम काही काळ यंत्राकडे सोपवून, चिरलेला भाग काढून तेथे कृत्रिम नळी शिवतात. झडप गळत असेल तर तीही दुरुस्त करतात. वळणापर्यंत काम असेल तर शरीर थंड करून काही मिनिटे रक्ताभिसरणच थांबवावे लागते. काम अवघड खरे. तरी वेळेवर शल्यक्रिया झालेल्या दर पाच रुग्णांपैकी साधारण चार वाचतात. चीर केवळ पाठीकडून उतरणाऱ्या भागात असेल, तर पुष्कळदा औषधांवरच भागते. आणि अवयवांचा रक्तपुरवठा तुटला किंवा नळी फुटण्याचे भय दिसले, तर जांघेतील रोहिणीतून तारेची जाळी असलेली नळी आत सरकवून चिरेचे तोंड बंद करता येते. त्यासाठी छाती उघडावी लागत नाही.

रोग होऊन गेल्यावरचा उपाय पाहिला. परंतु त्याच्या आधीचा उपाय अधिक सोपा व स्वस्त आहे. ज्यांना हा रोग होतो त्यांतील दर चार जणांत सुमारे तिघांना रक्तदाबाचा विकार असतो. मॉरिशसमधील प्रौढांत या विकाराचे प्रमाण किती मोठे आहे, हे शासनाच्या पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच तो उपेक्षिला जातो. आणि गोळ्या सुरू केल्यावर बरे वाटते म्हणून त्या बंद केल्या जातात. महारोहिणीच्या दृष्टीने यासारखी घातक सवय दुसरी नाही. मीठ कमी, तंबाखू बंद, रक्तदाब वेळोवेळी मोजणे आणि गोळी न चुकवणे, हे चार नियम पाळले तर धोका पुष्कळ घटतो.

उरला जन्मजात दोषाचा प्रश्न. फ्लो हायमन ही अमेरिकेची विख्यात व्हॉलीबॉलपटू उंचीने साडेसहा फुटांच्या जवळपास होती. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाने रौप्यपदक मिळवले. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावर बसली आणि तेथेच कोसळली. वय एकतीस. तिला मार्फान नावाचा आनुवंशिक विकार होता, ज्यात हातपाय व बोटे लांबसडक होतात आणि महारोहिणीचा मधला थर दुबळा राहतो. तिच्या हयातीत तो कोणाच्याही ध्यानी आला नाही. तिच्या मृत्यूनंतर मात्र तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच विकार निघाला आणि शल्यक्रियेने तो वाचला. बहिणीच्या मृत्यूचे कारण कळले म्हणून भाऊ जगला.

घरात कोणी भर तारुण्यात किंवा प्रौढ वयात एकाएकी गेले असेल, तर 'देवाची इच्छा' म्हणून तेथेच थांबू नये. त्याच्या आईवडिलांची, भावंडांची व मुलांची तपासणी करून घ्यावी. महारोहिणी फुगली आहे काय, तिच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत काय, हे ध्वनिलहरींच्या साध्या, वेदनारहित तपासणीत कळू शकते. फुगवटा वेळीच सापडला तर चीर पडण्यापूर्वीच तो दुरुस्त करता येतो.

सारांश, कष्ट सोसावेत, संकट सोसावे, गरिबीही सोसावी. पूर्वजांनी ते सारे सोसले म्हणूनच नातवंडांना आजचा दिवस दिसला. परंतु छातीत किंवा पाठीत अकस्मात उठलेली, फाडीत जाणारी कळ सोसण्यात पुरुषार्थ नाही. मजुरी कापली जाण्याचे भय केव्हाच संपले आहे. आता घरातल्या आजीने, काकाने, थोरल्या भावाने त्या क्षणी एवढेच मोठ्याने म्हणावे, 'मला बरे वाटत नाही.' आणि ऐकणाऱ्याने उठून दूरध्वनी उचलावा.